प्रयोगशाळेतून दूधसागरापर्यंत : अच्युत कानविंदे यांच्या वास्तुकार्याचा विचार

मराठी वाचकाला चित्रकारांची नावे विचारली, तर तो पाच-दहा सहज सांगतो. गायक, नाटककार, क्रिकेटपटू विचारायलाच नकोत. पण स्वातंत्र्योत्तर काळातला एक मराठी वास्तुरचनाकार सांगा, असे म्हटले की बहुतेक जण थबकतात. कोणी चार्ल्स कोरिया यांचे नाव घेतो. कोणी पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचे घेतो, कारण २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. कोकणातल्या आचरे गावी जन्मलेल्या अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचे नाव क्वचितच निघते. आयआयटी कानपूरचा परिसर त्यांनी रचला, मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यांचे, आणि आपल्या पुण्यात कोंढव्याकडची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थाही त्यांचीच. तिच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एनआयबीएम रोड’ हे नाव घरांच्या जाहिरातींत रोज छापले जाते. त्या रस्त्यावर घर घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

नाव विसरले गेल्याची हळहळ व्यक्त करण्यासाठी हा लेख नाही. नावे विसरली जातात, त्याला इलाज नसतो. माझा प्रश्न वेगळा आहे. कानविंदे यांनी जे साधले त्याचा गाभा कोणता, आणि आज, विशेषतः मी राहतो त्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात, त्याचा काही उपयोग आहे का?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांत देखभाल विभागात माझी बरीच वर्षे गेली. इमारतीकडे मी पाहतो ते नळ कुठून गेला, पाणी कुठे मुरते, गरम हवा कुठून बाहेर पडते, या नजरेने. कानविंदे यांच्याबद्दलचे लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि त्यात ‘ब्रुटॅलिझम’, ‘फंक्शनॅलिझम’ अशा संज्ञा वारंवार भेटतात. त्या चुकीच्या नाहीत. पण देखभालवाल्याच्या नजरेला या इमारतींत जे दिसते, ते त्या संज्ञांत पुरते मावत नाही.

आचरे ते हार्वर्ड

कानविंदे यांचा जन्म १९१६ सालचा. वडील चित्रकार. आई लहानपणीच गेली आणि मूल गावच्या मोठ्या कुटुंबात वाढले. आचरे म्हणजे रामेश्वराचे गाव आणि ‘गावपळणी’चे गाव. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळे गाव गुरेढोरे, कोंबड्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन रात्री झोपड्या-राहुट्यांत काढून परत येते. गावपळणीचा कानविंद्यांच्या वास्तुरचनेशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. मात्र पडवी, वळचण, खळे, पावसाची तिरकी सर अडवणारे उतरते छप्पर हे सगळे त्या गावच्या प्रत्येक मुलाला पुस्तकाआधी अंगाने कळते, एवढे निश्चित.

१९३५ साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुरचना विभागात दाखल झाले. तिथे क्लॉड बॅटली शिकवत होते. हा इंग्रज शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना हिंदुस्थानातल्या जुन्या इमारती मोजायला लावी, इथले ऊन, इथली हवा ध्यानात घ्यायला सांगे. शिक्षण संपवून कानविंदे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये, नोकरीला लागले. परिषदेचे सूत्रधार होते डॉ. शांतिस्वरूप भटनागर. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारायची होती आणि प्रयोगशाळा बांधण्याचा अनुभव असलेली माणसे जवळजवळ नव्हती. १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात पाठवले. तिथे त्यांना वॉल्टर ग्रोपियस हे गुरू भेटले.

ग्रोपियस हे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक म्हणून सगळ्यांना माहीत असतात. इथे मला त्यांच्या आयुष्यातली आणखी मागची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तरुणपणी ते बर्लिनमध्ये पीटर बेरेन्स यांच्या कचेरीत होते. एईजी कंपनीचा टर्बाइन कारखाना बेरेन्स यांनी १९०९ साली देवळाच्या गांभीर्याने बांधला. पुढे १९११ मध्ये ग्रोपियस यांनी अडॉल्फ मायर यांच्यासह आल्फेल्ड या गावी फागुस कारखान्याची इमारत केली. तिथे बनत काय, तर चांभाराला लागणारे लाकडी कलबूत. त्या कारखान्याच्या कोपऱ्यांवर खांबच नाहीत, काचेला काच भिडते, आणि कामगाराच्या हातावर दिवसाचा उजेड पडतो. आज ती इमारत जागतिक वारसा यादीत आहे. सांगायचे ते असे, की आधुनिक वास्तुरचनेचा एक मोठा उगम राजवाड्यात वा देवळात नसून कलबुताच्या कारखान्यात आहे. कानविंदे ज्या परंपरेत दीक्षित झाले, ती ही.

खरी शाळा : प्रयोगशाळा

१९४७ साली परत आल्यावर ते सीएसआयआरचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. त्यांच्या पुढच्या कामाचे श्रेय बहुतेक अभ्यासक हार्वर्डला देतात. माझे मत असे की हार्वर्डने त्यांना भाषा दिली, पण विचार करायला शिकवले ते प्रयोगशाळेने.

प्रयोगशाळा ही विचित्र इमारत असते. तिला पाणी, वायू, वीज, दाबाची हवा, आम्लाचे सांडपाणी, विषारी धूर या सगळ्यांच्या वाटा लागतात. शिवाय आज जिथे रसायनाचे टेबल आहे, तिथे पाच वर्षांनी कोणते यंत्र येईल हे खुद्द शास्त्रज्ञालाही सांगता येत नाही. त्यामुळे रचनाकाराला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे सगळी इमारत एका ठरावीक मापाच्या चौकटींत बसवायची, म्हणजे भिंत हलवली तरी खांब आड येत नाही. दुसरी म्हणजे नळ-तारांच्या वाटा माणसांच्या खोल्यांपासून वेगळ्या काढायच्या, म्हणजे दुरुस्तीवाला काम करत असताना शास्त्रज्ञाचे काम थांबत नाही. देखभालीत आयुष्य काढलेल्या माणसाला या दुसऱ्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या संस्थांसाठी त्यांनी काम केले : अटिरा ही कापडगिरण्यांची संशोधनसंस्था आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. चंदीगडच्या निमित्ताने ल कॉर्बुझिए १९५१ साली भारतात आले आणि पुढे अहमदाबादेतही त्यांनी इमारती केल्या. त्याच सुमारास एक कोकणी तरुण त्याच शहरात आधुनिक इमारती बांधत होता, हे सांगायचे आपल्याकडे राहून जाते.

मात्र अटिरासारखे काम आज पाहिले तर त्याची मर्यादाही दिसते. सपाट छत, सरळ रेषा, नीटनेटकी आडवी मांडणी. सगळे शिस्तीचे, पण काहीसे परके. ही इमारत युरोपातल्या मवाळ उन्हात अधिक सुखाने राहिली असती, असे वाटत राहते. कानविंदे तिथेच थांबले असते, तर बाउहाउसचा एक इमानदार हिंदी विद्यार्थी एवढीच त्यांची नोंद झाली असती. ते थांबले नाहीत, म्हणून त्यांच्यावर लिहावेसे वाटते.

कानपूरची सावली

१९५५ साली नोकरी सोडून त्यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत ‘कानविंदे अँड राय’ ही कचेरी काढली. पुढे मोराद चौधरी भागीदार झाले आणि त्यांचेही नाव पाटीवर आले. ग्रोपियस यांनी अमेरिकेत तरुण सहकाऱ्यांबरोबर सामुदायिक कचेरी चालवली होती. इमारत हे एकट्या प्रतिभावंताचे काव्य नसून अनेकांच्या मिळून केलेल्या विचाराचे फळ आहे, ही शिकवण शिष्याने पाळलेली दिसते. कानविंद्यांचे नाव मागे पडण्याचे हेही एक कारण असावे. आपल्याला नायक लागतो, कचेरी चालत नाही.

१९५९ साली आयआयटी कानपूरची स्थापना झाली. पहिले संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या माळावर संस्था घडवणारा एक मराठी माणूस आणि इमारती रचणारा दुसरा. केळकरांच्या मनात असे होते की अभियंत्याने विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या सहवासात शिकावे, शाखाशाखांच्या भिंती पातळ असाव्यात. विचार चांगला, पण तो विटा-सिमेंटमध्ये कसा उतरवायचा?

कानविंद्यांचे उत्तर साधे होते. त्यांनी विभागांच्या इमारती एकमेकींपासून सुट्या ठेवल्या आणि वरच्या मजल्याच्या उंचीवरून जाणाऱ्या छपराच्या वाटांनी त्या जोडल्या. वरून चालणाऱ्याला छप्पर मिळाले आणि त्याच वाटेखालून चालणाऱ्यालाही सावली मिळाली. ग्रंथालय, व्याख्यानगृहे आणि विभाग यांच्यामध्ये जाता-येता माणसे एकमेकांना भेटतात. वाहनांचा रस्ता बाजूला राहिला. मे महिन्यात कानपूरला लू वाहते तेव्हा ही वाट चैन राहत नाही, गरज होते. खांब-तुळया उघड्या काँक्रीटच्या, मधल्या भिंती तिथल्याच विटांच्या, गिलावा नाही. कोणता भाग भार पेलतो आणि कोणता नुसता आडोसा आहे, हे अडाणी माणसालाही दिसते.

१९६३ साली त्या संस्थेत आयबीएमचा १६२० हा संगणक आला. आराखड्याच्या सुरुवातीला असल्या यंत्राची जागा कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण ठरावीक मापाच्या चौकटींत बांधलेल्या इमारतीला असा पाहुणा जड जात नाही. प्रयोगशाळेत शिकलेला धडा इथे एका अख्ख्या वसाहतीला लागू झाला.

याच काळात कानविंदे विचारांच्या पातळीवरही कामात होते. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुरचनेवर परिसंवाद भरवला होता. स्वतंत्र भारताची इमारत कशी असावी यावर तिथे वाद झडले आणि त्या निबंधांचे संपादन कानविंद्यांनी केले. दहा वर्षांनी त्यांनी जेम्स मिलर यांच्यासह भारतातल्या विद्यापीठ-परिसरांच्या रचनेवर इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढच्या पिढीतल्या कितीतरी संस्थांच्या परिसरांत काँक्रीटचा सांगाडा, विटांचा भराव आणि जोडणाऱ्या सावलीच्या वाटा हा संच दिसतो. त्यांचा प्रभाव मोजायचा तर तो असा मोजावा लागतो. त्यांच्या नावाची शैली निर्माण झाली नाही. त्यांची पद्धत मात्र इतकी पसरली की तिचा कर्ता कोण, हे विचारणेच राहून गेले.

मेहसाण्याचे धुरांडे नसलेले मनोरे

कानविंद्यांची सर्वश्रेष्ठ कृती कोणती, असे विचारले तर मी कानपूर म्हणणार नाही. मी मेहसाण्याची दूधसागर डेअरी म्हणेन. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात उभी राहिलेली ही इमारत म्हणजे सहकारी दूध संघाचा कारखाना.

दुधाचा कारखाना आतून कसा असतो हे ध्यानात घ्यायला हवे. दूध सुमारे ७२ अंशांपर्यंत तापवायचे, लगेच थंड करायचे. भुकटी करायची तर पाण्याची वाफ करून टाकायची. बॉयलर, गरम नळ, सतत धुतली जाणारी ओली जमीन. बाहेर उत्तर गुजरातचा उन्हाळा. अशा जागी उष्मा आणि दमट हवा बाहेर काढणे हाच पहिला प्रश्न असतो. कानविंद्यांनी निसर्गाचा साधा नियम वापरला : गरम हवा वर चढते. त्यांनी इमारतीत हवेचे उभे मार्ग ठेवले आणि ते छपराच्या बरेच वर नेले. खालची तप्त हवा त्यातून वर ओढली जाते. या मार्गांची वरची टोके रांगेने आकाशात उभी राहतात आणि लांबून पाहणाऱ्याला एखाद्या किल्ल्याचे बुरूज किंवा देवळांचे कळस असल्याचा भास होतो.

इथे कानविंदे गुरूच्या पुढे गेले, असे मला वाटते. फागुसने कारखान्याला उजेड दिला. मेहसाण्याने कारखान्याला श्वास दिला, आणि तो श्वासच इमारतीचे रूप झाला. बाहेरून शोभेचे काही चिकटवावे लागले नाही. अटिरामधला परकेपणा इथे उरला नाही, कारण इथल्या उन्हानेच आकार ठरवला.

याच कसोटीवर त्यांचे शेवटचे मोठे काम, १९९८ साली पूर्ण झालेले दिल्लीचे इस्कॉन मंदिर, मला उणे वाटते. तिथे शिखरे आहेत ती शिखरे हवीत म्हणून. भाविकांच्या अपेक्षेचा मान राखणे यात गैर काही नाही. पण मेहसाण्याचे कळस गरजेतून उगवले होते आणि दिल्लीचे प्रथेतून आले. आयुष्यभर गरजेतून रूप शोधणारा माणूस इथे रूपापासून सुरुवात करताना दिसतो.

आक्षेप

कानविंद्यांवर घेता येतील असे दोन आक्षेप गंभीर आहेत.

पहिला घराबद्दलचा. सामान्य माणसाचे शहरातले घर हा या देशाचा सर्वांत मोठा वास्तुप्रश्न. त्यावर कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला आणि दोशींनी इंदूरला अरण्य वसाहतीत ठोस उत्तरे मांडून पाहिली. कानविंद्यांचे लक्ष मुख्यतः संस्थांकडे राहिले. त्यांना मिळालेले माळ विस्तीर्ण होते आणि गिऱ्हाईक सरकार किंवा सहकारी संघ होते. रावेतमध्ये पवनेच्या काठी एकाला एक खेटून उभ्या असलेल्या उंच इमारतींना कानपूरचा नकाशा काय शिकवणार, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

दुसरा आक्षेप उघड्या काँक्रीटचा. आपल्या पावसात ते काळवंडते, बारीक तडे जातात, आतली सळई गंजते आणि फुगून वरचा थर पाडते. त्याला निगा लागते, आणि आपल्या संस्थांकडे बांधायला पैसा असतो, जपायला नसतो. मग वरून रंग फासला जातो, हवेच्या वाटा बुजवून त्यांत वातानुकूलन यंत्रे बसवली जातात. हा दोष रचनाकाराचा की राखणाऱ्यांचा? माझे उत्तर असे की थोडा रचनाकाराचाही आहे. निगा राखली जाणार नाही हे गृहीत धरून बांधणे हाही आपल्या देशात व्यवहाराचाच भाग मानायला हवा. कोकणातला चिरा शेवाळतो, पण खचत नाही. ते शहाणपण काँक्रीटच्या उमेदीत थोडे मागे पडले.

या पट्ट्याला काय हवे

तरीही मला वाटते की कानविंद्यांची सर्वांत जास्त गरज इथे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, चिंचवड, मग चाकण, तळेगाव असा पट्टा वाढत गेला. लाखो माणसांचा दिवसाचा मोठा भाग इथे कारखान्यात जातो. पण कारखाना ही वास्तू आहे असे आपण मानलेलेच नाही. आपण तिला ‘शेड’ म्हणतो, आणि शब्दातच सगळे आले. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, खाली यंत्र. दर्शनी बाजूला कचेरीपुरती काच.

अशा शेडमध्ये एप्रिल-मे मध्ये मी उन्हाळे काढले आहेत. पत्र्याखाली दुपारी तीन वाजता काय होते ते तिथे उभा राहणारा जाणतो. छपरावर फिरक्या बसवलेल्या असतात, पण हवा खालून आत यायला वाटच ठेवलेली नसेल तर त्या काय ओढणार? मग प्रत्येक यंत्राजवळ मोठा पंखा येतो आणि तो गरम हवाच गरागरा फिरवतो. हवेला आत यायची वाट आणि वर जायची वाट, एवढे नकाशावर आधी आखले असते तर पुढची कितीतरी वर्षांची वीज आणि घाम वाचला असता. मेहसाण्यात हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे, तेही कुणा धनाढ्य कंपनीने नव्हे, शेतकऱ्यांच्या संघाने.

घरांच्या बाबतीतही पद्धत उपयोगी पडते, नकाशा नाही. नळांच्या वाटा दुरुस्तीला मोकळ्या ठेवणे, जिना आणि मार्गिका नुसत्या ये-जा करण्यापुरत्या न ठेवता भेटण्याजोग्या करणे, दोन इमारतींमधली वाट सावलीची ठेवणे, यांपैकी कशालाही विस्तीर्ण माळ लागत नाही. आमच्या भागातल्या उंच इमारतींत गळती कुठून होते हे शोधायला न्हाणीघराची फरशी फोडावी लागते. हा नशिबाचा भाग नाही. कागदावर कोणीतरी तसे ठरवलेले असते.

नॉर्वेचे उदाहरण इथे आठवते. स्वेरे फेन हे तिथले थोर वास्तुरचनाकार, जन्म १९२४, मृत्यू २००९. तेही तरुणपणी बाहेर गेले. मोरोक्कोतली मातीची घरे पाहिली, पॅरिसमध्ये जाँ प्रूव्हे यांच्याकडे शिकले, आणि परत येऊन उत्तरेचा उजेड आणि तिथली झाडे यांतून आपली भाषा घडवली. व्हेनिसमधल्या त्यांच्या नॉर्डिक दालनात झाडे तशीच ठेवून छप्पर त्यांच्याभोवती केले आहे. १९९७ मध्ये त्यांना प्रिट्झकर मिळाले. ऑस्लोत एका जुन्या बँकेच्या इमारतीत वास्तुरचनेचे राष्ट्रीय संग्रहालय करायचे ठरले, तेव्हा तेही काम त्यांच्याकडेच आले आणि २००८ साली ते उघडले. त्या लहानशा देशाला आपल्या रचनाकाराचे काम शाळकरी मुलांनी येऊन पाहण्याजोगे वाटले. आपल्याकडे मुलांची सहल वरळीच्या विज्ञान केंद्रात जाते, तरफ आणि लोलक पाहते, आणि ज्या इमारतीत उभी आहे ती कोणी व का अशी बांधली, हे कोणी सांगत नाही. तीही विज्ञानाचीच गोष्ट होती.

कानविंदे २००२ साली गेले. पद्मश्री मिळाली, वास्तुरचनाकारांच्या अखिल भारतीय संस्थेचे ते अध्यक्षही झाले. २०१७ मध्ये त्यांच्या कामावर ‘आकार’ हा देखणा इंग्रजी ग्रंथ निघाला. मराठीत त्या तोडीचे पुस्तक यायला हवे, पण केवळ गौरवग्रंथ नको. त्यात प्रत्येक इमारतीचा छेद असावा, हवा कुठून येते आणि कुठे जाते याचे बाण असावेत, पन्नास वर्षांत काय टिकले आणि काय बिघडले याचा हिशेब असावा. असे पुस्तक वास्तुशाळेच्या विद्यार्थ्याइतकेच कारखान्याच्या मालकाला, सोसायटीच्या सचिवाला आणि देखभाल विभागातल्या फोरमनला वाचता यावे. चाकणमध्ये दर वर्षी नव्या शेडचे पाये खणले जात आहेत. त्यांतल्या एकीच्या नकाशावर जरी कोणी विचारले, की या छपराखाली मे महिन्यात माणूस उभा कसा राहील, तर कानविंद्यांचा प्रभाव आपल्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.